आठ कशाचे?

मृणाल इंगवलेला कुणी विचारलं, तुम्ही काय काम करता, तर ती खरं ते सांगायची आणि समोरचा माणूस थोड्याच वेळात विषय बदलायचा. ती माहितीपुस्तिका लिहायची. त्याही मिक्सरच्या किंवा टीव्हीच्या नव्हेत, तर यंत्रांच्या पोटात चालणाऱ्या डेटाबेसच्या. डेटाबेसनं कसं वागायचं हे ठरवणारी एक फाइल असते. उत्तराची वाट किती वेळ पाहायची, जोडणी किती वेळ उघडी ठेवायची, जुनी माहिती कधी पुसायची, असल्या गोष्टी तिच्यात ओळीनं लिहिलेल्या असतात. त्या प्रत्येक ओळीचा अर्थ माणसाला कळेल अशा भाषेत मांडायचा, हे मृणालचं काम.

या कामात तिचा एक हट्ट होता. वेळेचा आकडा आला की त्याच्यापुढे एकक हवंच. "नुसतं दहा म्हणजे काय? दहा सेकंद की दहा दिवस?" असं ती भर बैठकीत विचारायची आणि प्रोग्रामर पोरं एकमेकांकडे बघून हसायची. त्यांना वाटायचं, एवढं तर कुणालाही कळतं. पण डेटाबेसला ते कळत नाही. एकक दिलं नाही, तर तो आपल्या मनानं एक धरून चालतो, आणि सगळीकडे एकच धरतो असंही नाही. एका ओळीला सेकंद, तिच्या खालच्या ओळीला मिनिटं, आणखी कुठे तरी मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा हजारावा तुकडा. चूक झाली तरी तो तक्रार करत नाही. दिलेला आकडा घेतो आणि कामाला लागतो.

शिरोलीच्या पलीकडे ज्या कंपनीत ती नोकरी करत होती, तिथे 'बोलका' तयार व्हायचा. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा जाते त्यांच्यासाठीचं हे यंत्र. मृणालनं कंपनी बदलून इथली नोकरी धरली, त्याला कारण होतं. तिचा नवरा रणजित बोलका वापरत होता.

रणजित इंगवले शाळेत इतिहास शिकवायचा, पण सगळं कोल्हापूर त्याला ओळखायचं ते फुटबॉलच्या समालोचनासाठी. हंगाम सुरू झाला की शाळा सुटल्यावर तो थेट मैदानावर. हातात माइक आला की हा माणूस नुसता सुटायचा. खेळाडूंना टोपणनावं द्यायचा, रेफ्रीला चिमटे काढायचा, सामना खेळणाऱ्या दोन्ही पेठांच्या पोरांना एकाच वाक्यात हसवायचा. आणि अशा माणसाची एका सकाळी दात घासताना जीभ अडखळली ती अडखळलीच.

हात-पाय महिन्याभरात सावरले, शब्द मात्र परतले नाहीत. डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग निकामी झाला आहे. त्यांना सगळं समजतं, काय म्हणायचंय तेही मनात स्पष्ट असतं, पण त्या अर्थापासून शब्दापर्यंत पोचता येत नाही. कानावर पडलेला शब्द मात्र ते जसाच्या तसा म्हणू शकतात.

बोलका नेमका याच गोष्टीवर बेतलेला होता. डोक्याच्या कातडीखाली बसवलेली एक पातळ जाळी मेंदूत चाललेली शब्दाची शोधाशोध टिपायची. कानामागं चिकटवलेली चिंचोक्याएवढी डबी, त्याच माणसानं पूर्वी बोललेल्या, लिहिलेल्या वाक्यांच्या साठ्यातून जवळात जवळचं वाक्य हुडकायची आणि त्याच्याच आवाजात त्याच्या कानात कुजबुजायची. माणूस ते ऐकायचा आणि मोठ्यानं म्हणायचा. बाहेरच्याला पत्ताही लागायचा नाही. रणजितच्या बाबतीत तर साठ्याला तोटाच नव्हता. निम्म्या गावाच्या फोनमध्ये त्याचं समालोचन होतं. लोकांनी ते आपणहून आणून दिलं.

आणि रणजित बोलायला लागला. पहिल्या दिवशी शेजारपाजारचे लोक रडले होते.

"तुझ्या हातचा चहा म्हणजे सकाळचा पहिला गोल," एका सोमवारी त्यानं कप उचलता उचलता म्हटलं.

मृणाल हसली. डबा भरताना मात्र तिला आठवलं, की हे वाक्य आपण पूर्वी वाचलंय. लग्नानंतर ती कामासाठी हैदराबादला राहिली होती, तेव्हा त्यानं पाठवलेल्या मेसेजमध्ये ते होतं. तिनं तो विचार बाजूला सारला आणि ऑफिस गाठलं.

त्या आठवड्यात तिच्यापुढे बोलक्याच्या नव्या आवृत्तीची फाइल होती. वेळेच्या सेटिंगवरून ती एकेक करून खाली येत होती. मध्येच एक ओळ आली, 'शब्द देण्यापूर्वी थांबा', आणि पुढे नुसता आकडा, आठ.

"आठ कशाचे?" तिनं शेजारच्या प्रोग्रामरला विचारलं.

"सेकंद असणार की, मॅडम. आणि काय असणार?"

असणार या शब्दावर मृणाल कधी थांबत नसे. ती प्रयोगाच्या टेबलाशी गेली. तिथे माणसाच्या मेंदूऐवजी खोटे संकेत पाठवणारं यंत्र होतं. तिनं बटण दाबलं, आणि बोट उचलायच्या आत स्पीकरमधून शब्द आला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग तिनं फाइलमध्ये आठच्या पुढे स्वतःच्या हातानं सेकंदाचं एकक लिहिलं आणि बटण दाबलं. या वेळी खोलीत शांतता पसरली. एसीची घरघर ऐकू यायला लागली. कुणी तरी बाहेर खुर्ची सरकवली. आता काही येत नाही असं वाटायला लागलं, तेव्हा कुठे शब्द आला.

तिथल्या स्टुलावर ती बसून राहिली. एकक लिहिलेलं नव्हतं, म्हणून डेटाबेसनं मिलिसेकंद धरले होते. सगळ्या बोलक्यांत. रणजितच्या कानामागच्या डबीतसुद्धा.

हा आकडा मुळात सुचवला होता डॉ. फातिमा मुजावर यांनी. त्या मिरजेत वाचोपचार करायच्या आणि बोलका तयार होताना त्यांचा सल्ला घेतलेला होता. मृणालनं त्यांना फोन लावला.

"आठ सेकंदच," डॉक्टर म्हणाल्या. "तेही भांडून मिळवलेत. मला बारा हवे होते. आधी पेशंटनं स्वतः शब्द हुडकायचा, झगडायचं. नाहीच जमलं तर यंत्रानं हात द्यायचा. मेंदू झगडला तरच दुसऱ्या बाजूनं नवे धागे जोडतो, मृणालताई. आयतं मिळालं तर तो कशाला कष्ट घेईल?"

"डॉक्टर, ते आठ मिलिसेकंद आहेत. पहिल्या दिवसापासून."



"तरीच," डॉक्टर म्हणाल्या. "तरीच माझे पेशंट डबी काढली की पहिल्या दिवसाइतकेच मुके. मी आपली माझ्या व्यायामांत चूक शोधत बसले."

अद्वैत पोतनीस हा बोलक्याचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता. त्याच्या स्वतःच्या आत्याला बोलका लावलेला होता. मृणालचं सगळं त्यानं नीट ऐकून घेतलं आणि कपाळ चोळत म्हणाला, "म्हणजे आपलं यंत्र इतकं झकास चालतं ते या चुकीमुळे?"

"हो."

"मग आता काय करायचं म्हणता? आठ सेकंद केले, तर उद्या सकाळी ही सगळी माणसं पुन्हा अडखळायला लागतील. घरचे लोक म्हणतील, यंत्र बिघडलं. इंगवले सरांचंच बघा. शनिवारी अंतिम सामन्याचं समालोचन करणार आहेत ना? सगळं गाव वाट बघतंय. तुम्ही पुस्तिकेत मिलिसेकंद लिहा. तेच तर खरं आहे. खोटं काही लिहायला मी सांगत नाही."

तो सांगत होता त्यात खोटं काहीच नव्हतं. एक शब्द लिहिला असता, तर तिचं काम चोख झालं असतं. चूक कागदावर येऊन नियम झाली असती आणि पुन्हा कुणी विचारलंही नसतं.

संध्याकाळी रणजित व्हरांड्यात मटार सोलत बसला होता. मृणाल त्याच्या शेजारी बसली. निम्मे मटार संपेपर्यंत तिला सुरुवात सापडेना. मनात एक नकोसा हिशेब चालू होता. या माणसाचं बोलणं परत मिळालं तेव्हा ती किती सुखावली होती! बोलका आल्यापासून त्यानं एकाही खेळाडूला नवीन टोपणनाव दिलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्याच्या गोड बोलण्यातलं बरंचसं आपण आधी ऐकलंय, हेही तिला कळत होतं. कळूनही ती ऐकत राहिली होती.

मग तिनं सगळं सांगितलं. आठ कशाचे होते आणि कशाचे झाले, डॉक्टर काय म्हणाल्या, आता बदललं तर काय होईल. "शनिवारचा सामना हातचा जाईल कदाचित," ती म्हणाली. "डोकं तुझं आहे. तू सांगशील तसं. बदलायचं का?"

"होऊन जाऊ दे!" रणजित तत्काळ उत्तरला. "कोल्हापूरकर कधी मागं हटलाय का?"

हे वाक्य तिनं मैदानावर शंभरदा ऐकलं होतं. "हे तू म्हणालास," तिनं हळूच विचारलं, "की त्यानं तुझ्याकडून म्हणवलं?"

रणजितचं हसू ओठांवरच थांबलं. त्यानं सोललेली शेंग खाली ठेवली. मग हात कानामागं नेला, डबी काढली आणि मटारांच्या ताटात ठेवून दिली.

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, मान एका बाजूला झुकवून, जसा एखादा माणूस अंधाऱ्या कपाटात हात घालून चाचपतो तसा. मृणालच्या जिभेवर चार-पाच शब्द येऊन उभे राहिले. बदल? नको? सामन्यानंतर? यातला कुठलाही दिला असता, तर त्यानं तो म्हटला असता आणि ही तडफड संपली असती. आजवर तिनं तेच केलं होतं. बोलका यायच्या आधीच्या दिवसांतही तीच त्याची वाक्यं पुरी करायची, मायेपोटी. आता मात्र तिनं ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हात गुडघ्यांत धरून ठेवले.

"मा…" रणजित म्हणाला. "माझं. माझं… पायजे."

त्याचे डोळे भरून आले होते आणि तिचेही.

"बरं," ती म्हणाली. मग न राहवून तिनं विचारलं, "आणि ते चहाचं? सकाळचा पहिला गोल? ते तू मला पाठवलेल्या जुन्या मेसेजमधलं आहे. मला माहितीये."

यावर त्याला फार वेळ लागला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, समोरच्यांच्या घरात दिवा लागला.

"वाक्य… जुनं," तो म्हणाला. आणि मग बोट तिच्याकडे करून, "चहा… आजचा."

दुसऱ्या दिवशी डॉ. मुजावर स्वतः मिरजेहून आल्या. रणजितची तपासणी करून, त्याची सही घेऊन त्यांनी डबीतली सेटिंग बदलली. आठच्या पुढे या वेळी एकक होतं.

"सगळ्यात अवघड काम तुमचं आहे, मृणालताई," निघताना त्या म्हणाल्या. "गप्प बसायचं. त्यांच्या तोंडातला शब्द काढून घ्यायचा नाही."

ते खरोखर अवघड होतं. भाजीवाल्यापुढे रणजित उभा राहायचा, तोंड उघडायचा, आणि मागची माणसं त्याच्या वतीनं कोथिंबीर मागून मोकळी व्हायची. फोनवर त्याचे मित्र "ऐकू येईना रे!" म्हणून फोन ठेवायचे. जेवताना एकेक वाक्य इतकं लांबायचं, की आमटी गार व्हायची. कधी यंत्र शेवटी शब्द द्यायचं, कधी तो स्वतः भलताच शब्द काढायचा. मिठाला दार म्हणायचा, मग स्वतःवरच चिडून ताट सरकवायचा. दोन दिवसांनी मृणालनं न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. आपण चालतं-बोलतं घर मोडून टाकलं, असं तिला वाटत होतं.

शनिवारी रणजित मैदानावर गेला. समालोचकांच्या मांडवात माइक तयार होता. संयोजकांनी त्याच्या गळ्यात हार घातला. त्याची जुनी विद्यार्थिनी तनुजा चव्हाण मदतीला बसली होती. हल्ली किरकोळ सामन्यांना तीच बोलायची. रणजितनं माइक हातात घेतला. गॅलरीतून शिट्ट्या झाल्या. त्यानं तोंड उघडलं. शिट्ट्या थांबल्या. स्पीकरमधून नुसता श्वास ऐकू येत राहिला. खाली चेंडू मध्यावरून सुटला, एक कॉर्नर झाला, आणि रणजितचा शब्द अजून आला नव्हता. चेंडू कुणासाठी थांबत नाही.

मृणाल मांडवाच्या कडेला उभी होती. आत्ता डबीत जुना आकडा घालता आला असता, तर तिनं घातला असता.

रणजितनं माइकवर हात ठेवला, तनुजाकडे वळला आणि माइक तिच्या हातात दिला.

"सर, मी? फायनलला?"

त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि मान डोलावली. मग हार काढून खुर्चीवर ठेवला, पायऱ्या उतरला आणि मृणालचा हात धरून तिला सरळ गॅलरीत घेऊन गेला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसून सामना बघणार होता.

वर तनुजा आधी चाचरली, मग तिचा सूर लागला. रणजित ऐकत होता. चांगलं वाक्य आलं की मांडीवर थाप मारत होता. पूर्वार्ध असाच गेला. उत्तरार्धात पलीकडच्या संघाचा एक बचावपटू कडेच्या रेषेवरून सारखा पुढे-मागे पळत होता. रणजित त्याच्याकडे बघत पुढे झुकला. ओठ हलायला लागले.

"इस्…" तो म्हणाला. "इस्…त्री."

"काय?"

त्यानं तळहात गुडघ्यावर ठेवून पुढे-मागे फिरवला, मग त्या खेळाडूकडे बोट केलं. वर-खाली, वर-खाली, सुरकुती म्हणून ठेवत नव्हता तो पोरगा त्या कडेला. मृणाल जोरात हसली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं आणि तेही हसले. "इस्त्री! व्हय की, सर, बरोबर!" थोड्या वेळात खालच्या चार रांगा ओरडायला लागल्या, "हाण इस्त्री!" वर तनुजानं ते ऐकलं आणि माइकवरून सगळ्या मैदानाला सांगितलं.

रणजितनं कानामागची डबी चाचपून पाहिली आणि मृणालकडे बघून मान हलवली. नाही, यानं दिला नव्हता. इस्त्री हा शब्द त्या साठ्यात असेलही कुठे तरी, पण त्या खेळाडूसाठी तो आजवर कुणीच वापरलेला नव्हता.

सोमवारी मृणालनं पुस्तिकेतली ती नोंद लिहिली. सेटिंगचं मूळ एकक मिलिसेकंद आहे, तेव्हा आकड्यापुढे सेकंद असं स्पष्ट लिहावं; नाही लिहिलं, तर यंत्र थांबणारच नाही. आणि त्याखाली आणखी दोन वाक्यं घातली. किती थांबायचं हे यंत्र वापरणाऱ्याला विचारून ठरवावं. विचारताना यंत्र काढून ठेवावं.

"हे एककाच्या नोंदीत बसत नाही," अद्वैत म्हणाला.

"बसत नाही," मृणालनं कबूल केलं. "पण हे काढलंत, तर वरचंही मी लिहिणार नाही. दुसरं माणूस बघा."

अद्वैतनं ती नोंद पुन्हा वाचली. शेवटी तो म्हणाला, "आत्याला विचारून बघतो," आणि नोंद तशीच छापायला गेली. पुढे काही घरांतून संतापाचे फोन आले. काहींनी विचारून, समजून जुनाच वेग ठेवला. थकलेल्या म्हाताऱ्या माणसांना झगडा नको होता, आणि त्यांचंही बरोबर होतं. काहींनी आठ घेतले. एका बाईंनी डॉ. मुजावरांचे बारा मागून घेतले. अद्वैतच्या आत्यानं डबी काढल्यावर पहिला शब्द उच्चारला तो 'नको', आणि तो नेमका कशाला, हे शोधायला घरच्यांना आठवडा लागला.

रणजितची सुधारणा मुंगीच्या पावलानं होत राहिली. पावसाळा सरला, दिवाळी झाली. एका सकाळी तो बूट घालत होता. मैदानावर सराव बघायला निघाला होता, एकटा.

"थांब, मी येते," मृणाल स्वयंपाकघरातून म्हणाली. "कुकर लावलाय, दहा मिनिटं."

"नको."

"वाटेत कुणी काही विचारलं म्हणजे? रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा म्हणजे?"

रणजित ताडकन उभा राहिला. चेहरा लाल झाला. "तू," तो म्हणाला, "तू माझी…"

मृणाल दारात येऊन उभी राहिली. पुढचा शब्द तिला ठाऊक होता. आई. तू माझी आई नाहीस. तो ऐकायची तिनं तयारी केली.

"तू माझी… रे… रेफ्री नाहीस!"

ती बघतच राहिली. बोलका आल्यापासून हा माणूस तिच्यावर एकदाही रागावला नव्हता. रागावणार कसा? लोकांनी त्याची समालोचनं जपली होती, तिनं त्याचे प्रेमाचे मेसेज जपले होते. त्यांची भांडणं कुणीच टिपून ठेवली नव्हती. हा राग कुठल्याही साठ्यातला नव्हता. हा राग ताजा होता, आत्ता, या दारात तयार झालेला. आणि तोही चक्क तिच्यावर!

तिलाही मग मनापासून राग आला. कितीतरी दिवसांनी आला. "मग जा की एकटा!" ती ओरडली. "पडलास वाटेत तर मला सांगायला येऊ नकोस!"

"जा… जाणार!"

तो तरातरा पायऱ्या उतरला. फाटकाशी पोचला, कडी काढली आणि थांबला. मागं वळला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आत कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ दुसरी झाली. मृणाल हलली नाही. काय म्हणणार असेल हा? ओरडणार? माफी मागणार? तिला काहीच अंदाज करता येईना, आणि येत नव्हता याचं तिला बरं वाटलं.

"दार…" रणजित म्हणाला. त्याचा हात कडीवरच होता. "दार लावू नको. ये… येतो."